जिभेखालची गोळी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. त्याने तोंडावर रुमाल धरला होता.

"ताई, चौथा दात हलतोय. मी ती गोळी बंद करणार."

"अरे, त्या गोळीमुळेच तर व्यसन सुटलं."

"नशेत होतो तेव्हा दात शाबूत होते. सुधारलो आणि बोळका झालो."

"गोळी जिभेखाली विरघळली की चूळ भरतोस ना?"

"वेडी आहेस का? औषध वाहून जाईल म्हणून मी पाणीसुद्धा पीत नाही."

"ती आंबट असते, दात खाते. विरघळल्यावर चूळ भरायचीच, असं व्यसनमुक्ती केंद्रातल्या नर्सबाई काल म्हणाल्या."

"तुला म्हणाल्या. मी दोन वर्षं त्यांच्या रांगेत उभा राहतोय."

"विचारायचंस मग."

"तिथे तोंड उघडलं की 'पुन्हा काय घेतलंस?' एवढंच ऐकायला मिळतं."

"बरं बाबा. पण बंद नको करूस."

"पस्तिशीत कवळी लावून फिरू?"

"खुशाल फीर. पण बाथरूमच्या फरशीवरून तुला पुन्हा उचलायचं बळ माझ्यात नाही रे."

आतून मदतनीस बाई आली.

"चला, तुमचा नंबर. कुठलं औषध चालू आहे का?"

"होतं," तो म्हणाला. "परवापासून बंद केलंय."