दुधाच्याही आधीचं

नाशिकच्या सीबीएस स्टँडवर कुसाबाई भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन चांदवडच्या एसटीत बसली. पुढच्या सीटवर बाप आणि त्याची कॉलेजातली लेक बोलत होते.

"आण्णा, तोंडी परीक्षेत पहिली आले!"

"मागल्या खेपेला नापास केलं, तेच सर व्हते?"

"तेच. विचारलं, मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हार्मोन येतं, ते कशासाठी? सगळे म्हणाले, आईला दूध यावं म्हणून."

"बरोबरच हाय की."

"अर्धंच. मी म्हटलं, सर, हे हार्मोन दुधापेक्षा जुनं आहे. जगात दूध नव्हतं, तेव्हाही माशांच्या अंगात होतं. गोड्या पाण्यात अंगातलं मीठ धरून ठेवायला त्यांना ते अजून लागतं. पान्हा फुटायला लागला तो फार नंतर."

"आसं व्हय!"

"आणि कबुतरांत नरालाही फुटतो. गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं तयार होतं, ते तो पिल्लांना भरवतो."

"बापाला दूध? लय भारी, हर्षे!"

"सर म्हणाले, हे पुस्तकात वाचलंस? मी म्हटलं, कबुतराचं वाचलं. पण मी आठ दिवसांची असताना आई गेली, आण्णांनी मला वाटी-चमच्यानं वाढवलं."

"परीक्षेत सांगितलंस हे?"

"सांगितलं."

गाडी सुटली, कंडक्टर आला.

"दोन चांदवड. आन् सायेब, ही माझी पोरगी. पहिली आलीया."

"अहो दादा," कुसाबाई मागून म्हणाली, "जरा मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू गेलं नाय."