खळ लावलेलं लुगडं

हसू नका गा, छपरावरून पडलो तो मीच. शिपायाले छत्री बांधून विमानातून उतरताना पाहिलं, आन् पोट्ट्यायले म्हटलं, "मीबी उतरतो."

आमचं घर विणकराचं. गांधीबागेतल्या कापडवाल्याले द्यायचं नवं लुगडं उचललं, त्याचे कोपरे दोरीनं कमरेले बांधले आन् गोदामाच्या छपरावर चढलो.

खालून गणप्या म्हणे, "अबे, याले सकाळीच खळ लावली ना? घडी उघडन का?"

"तू काहून भिऊन राहिला?" म्हटलं आन् उडी मारली. ओल्या खळीनं घडी चिकटली होती, ते उघडलंच नाही. खाली कडब्याची गाडी होती म्हणून जीव वाचला. पाय तिच्या चाकावर आपटला.

वैद्य म्हणाला, "गुडघा आता कधीच वाकनार नाही."

आमचा माग खड्ड्यातला, त्यातल्या पावड्या, म्हंजे खालच्या फळ्या, दोन्ही पायानं दाबा लागते. बाबाचे गुडघे धरले, म्हणून तं मी शाळा सोडून मागावर बसलो होतो.

मले वाटलं, बाबा आता बदडन. त्यानं हातबी लावला नाही. खड्ड्याच्या काठावर जाऊन बसला आन् मायले म्हणाला, "उतरायले हात दे वं."