दिवाळीचं नाटक आणि पळणारा लॅपटॉप

तुमचा लॅपटॉप कितीही रखडू दे, आमच्या मिलिंदला दाखवू नका. बायकोचा छोटा लॅपटॉप त्याने इंग्लंडात, वॉटफर्डला आमच्या घरी येऊन बघितला.

"वहिनी, सारखं लिहून डिस्क झिजते. तुमचं डाउनलोड्स फोल्डर डिस्कवरून काढून चालू मेमरीत, म्हणजे रॅममध्ये ठेवतो, मग बघा!"

लॅपटॉप खरंच पळायला लागला. बायकोने इथल्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक दिवसभर बसून त्याच फोल्डरमध्ये टाइप केलं आणि लॅपटॉप बंद केला. सकाळी फोल्डर रिकामं! दुपारी तालीम होती. मिलिंदला बोलावलं.

"बंद केलात? लॅपटॉप बंद केला की मेमरीतलं पुसलं जातं, वहिनी."

"हे आत्ता सांगतोस?" बायकोने त्याच्यापुढे वही-पेन ठेवलं. "बस. मला पाठ आहे, मी सांगते, तू लिही."

"सगळं?"

"तिन्ही अंक. डिस्क वाचवलीस ना? आता हात झिजव."