एका हाताचा चुडा

मंडळी, बसा नीट! मागच्यांनो, पुढे या. आज कीर्तनात गोड बोलणार नाही, आधीच सांगते. रागावून आले आहे.

प्रश्न साधा आहे. देवाने माणसाला अब्रू दिली. राज्यघटनेने हक्क दिला. मोठ्या कोर्टाने निकाल दिला. एवढं सगळं दिल्यावर ते माणसाच्या दारापर्यंत आणून कोण देतं? पोस्टमन? (हसू नका! उत्तर येत नसलं की माणूस हसतो.)

ऐका तर. आमच्या तरुणपणी तालुक्याच्या गावी रंगनाथ कासार होते. सगळ्या लेकीसुनांचे रंगूमामा! खांद्यावर बांगड्यांची पेटी, तोंडात गाणं. परक्या पुरुषाच्या हातात बाईने हात द्यावा, आणि घरच्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा, असा तो एकच पुरुष. चुडा भरून झाला की बाई कासाराला वाकून नमस्कार करायची. आता काय, दुकानात प्लास्टिकचा डबा आणि वर स्टिकर! नमस्कार कुणाला करणार, डब्याला?

तर झालं असं. देवळासमोरची कासारांची पालं फौजदाराला उठवायची होती. मंत्र्यांची गाडी वळायला जागा हवी! सगळे मुकाट्याने उठले. रंगूमामा बसून राहिले.

"साहेब, लेखी हुकूम दाखवा, लगेच उठतो."

"मी उभा आहे ना समोर? मीच हुकूम!"

"तुम्ही माणूस आहात, साहेब. हुकूम कागदावर असतो."

बाजार हसला! फौजदाराच्या मनात ते हसू काट्यासारखं रुतलं.

दुसऱ्या दिवशी मामा शेटजींच्या अंगणात होते. शेटजींच्या कुमुदचं लग्न. डाव्या हातात हिरवा चुडा भरून झाला, उजवा हात मामांनी हातात घेतला, एक बांगडी चढत होती — आणि फौजदार आत! सरकारी कामात अडथळा आणला म्हणे! पोरीचा हात सोडायलाही वेळ दिला नाही. तसाच हात धरलेला असताना मामांच्या मनगटावर बेडी! दोन बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणायचं नाही, शुभकार्यात वाढल्या म्हणायचं. आपण शब्दांना फार जपतो, नाही का? माणसाला नाही जपत!

कोर्ट हाकेच्या अंतरावर. पण नेलं कसं? बेड्या घालून, वर दोर बांधून, सगळ्या बाजारपेठेतून वळसा घालून!

आणि मंडळी, ऐंशी सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं — कैदी पळून जाईल अशी खरी भीती असल्याशिवाय बेड्या घालायच्या नाहीत. घातल्या तर कारण लिहायचं, न्यायाधीशाला दाखवायचं. बेडी ही सरकारची मर्जी नव्हे! केवढा निकाल! दिल्लीहून निघाला, आणि आमच्या बाजारपेठेत येऊन अडकला.

कारण कोर्टाच्या पायरीवर फौजदाराने बेड्या काढल्या. आत मामा मोकळ्या हातांनी उभे! ते म्हणाले, "साहेब, मला जनावरासारखं फिरवलं." फौजदार म्हणाला, "खोटं." न्यायाधीशांनी विचारलं, "कुणी पाहिलं?"

कुणी पाहिलं! अख्ख्या बाजाराने पाहिलं! पुढच्या तारखेला बोलावलं एकेकाला. वाणी म्हणाला, "मी वजन करत होतो, मान खाली होती." न्हावी म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा होता साहेब, मान वळवली असती तर खून झाला असता." शिंप्याला म्हणे दूरचं दिसत नाही! तरी सुईत दोरा रोज ओवत होता. आणि कुमुदचे वडील, शेटजी? "आमच्या अंगणातून कुणाला नेलंच नाही."

मामा खाली बघत राहिले. मारापेक्षा हे लागतं हो!

तेवढ्यात मागून आवाज आला — "मी पाहिलं."

कुमुद! नवी नवरी, सासरहून आलेली. सासू दारात कपाळाला हात लावून उभी. शेटजी ओरडले, "कुमे, घरी चल! पोरीबाळींनी कोर्टाची पायरी चढायची नसते!"

"चढले, बाबा. आता काय उतरू?"

सरकारी वकील मिशीत हसला. "बाई, गडबडीत तुम्हाला बेडीच होती हे कसं कळलं?"

"माझा हात त्यांच्या हातात होता. ते लोखंड माझ्याही मनगटाला लागलं. गार होतं."

"हा कासार तुमचा कोण लागतो?"

"माझ्या एकाच हाताचा चुडा त्यांनी भरला. दुसऱ्या हाताचा भरू दिला नाही तुम्ही. म्हणून माझा नमस्कार राहिलाय. तेवढं देणं लागते."

निकाल लागला. बेडी बेकायदा, फौजदाराची चौकशी, मामा निर्दोष.

संध्याकाळी कोण आलं असेल मामांच्या दारी? वाणी! हातात पेढे! "मामा, न्याय झाला हो!"

मामा म्हणाले, "शेजारी, त्या दिवशी तुमची मान वर झाली नाही. आज पेढे घेऊन कशी झाली? न्याय कोर्टाने केला, आणि त्या पोरीने. तुम्ही पेढे घरी न्या."

आता माझ्याकडे बघा. खाली नाही, माझ्याकडे! परवा याच देवळाच्या चौकातून पारध्याच्या पोराला दोर बांधून फिरवलं. गुन्हा अजून सिद्ध नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात! प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता, मी पारावरून पाहिलं. कोर्टात त्याची आई एकटी उभी आहे, आणि तिलाही तोच प्रश्न विचारणार आहेत — कुणी पाहिलं?

पेटीवाले, थांबा. तबला थांबवा. आज गजर लगेच होणार नाही. ज्याच्या मोबाईलमध्ये ते चित्र आहे, त्याने उठून उभं राहावं. उद्या सकाळी मी त्या आईबरोबर कोर्टात जाते आहे. माझ्याबरोबर कोण येतं?

मी उभी आहे. वाट बघते.