तिसरं नोझल

सोनगीरच्या गॅरेजात मी पंक्चर काढून घेत होतो. शेजारी एक डिझेल जीप उभ्या जागी थरथरत होती; जीपवाले नवरा-बायको मिस्त्रीजवळ उभे होते.

"गुलाबभाऊ, रस्त्याले मस्त पळते. उभी केली की हिले हुडहुडी भरते!"

"इंजिन चालू ठेवा, देवचंदभाऊ. इंजिनात डिझेल फवारणारी चार नोझल आहेत. एकेकाचं डिझेल तोडून बघतो."

"त्यानं काय कळंल?"

"वहिनी, काम करणारं नोझल तोडलं की इंजिन अडखळतं. ज्याला तोडून फरकच पडत नाही, ते नुसतं बसून आहे."

"पहिलं?"

"अडखळलं."

"दुसरं?"

"अडखळलं."

"तिसरं?"

"काही फरक नाही. हेच!"

"गुलाबभाऊ, मागे हे आठ दिवस सुरतले गेले व्हते."

"मग?"

"म्हशीचं दूध, पोरांची शाळा, भुईमुगाचं पाणी, बठ्ठं जागच्या जागी. काही फरक नाही."

"द्रौपदा, ते पंक्चरवाले पाव्हणे ऐकताहेत!"

"ऐकू द्या. गुलाबभाऊ, हे नोझल आता फेकायचं का?"

"छे! काढून घासायचं, साफ करायचं, परत बसवायचं. अजून दहा वर्षं चालंल."

अर्ध्या तासात जीप पुन्हा सुरू झाली.

"वहिनी, हात ठेवून बघा. थरथर शे का?"

"नाही शे. चला हो, गाडीचं नोझल घासून झालं. आता घरी चला."