कंपनीची मशीन बिघडंना

बिघडंना हो! सहा महिने झाले, एकदा तरी बंद पडावं की न्हाई? तुम्हाला सांगतो, दुप्पट पैसे मोजून कंपनीचा कॉम्प्युटर आणला, घरातली बोलचाल घालवून बसलो… आन् ती मशीन काय बिघडंना!

तुम्ही म्हणाल, गुरुपादप्पाचं डोकं फिरलं. ऐका तर! चाकुरात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. पहिला कॉम्प्युटर असेंबल, सुटे भाग आणून जोडलेला. जोडणारा कोण? माझा मेव्हणा शिवमूर्ती, नांदेडात त्याचं हेच काम. पंधरा दिवसाला मशीन बंद पडायची, फोन केला की गडी एसटीनं हजर, "काय दाजी, काय म्हणती मशीन?"… आन् दोन्ही हातांत पाण्याचे कॅन! हितं दुष्काळानं नळाला वीस दिवसाला पाणी, आन् ह्यो बहिणीसाठी नांदेडहून कॅन वाहायचा! आमची शिवकांता गरम धपाटे लावायची, दोघं खिदळत बसायची, मी बापडा बंद मशीनकडं बघत.

मग आवई उठली, उदगीर जिल्हा होणार, चाकूर त्यात जाणार! शेजारचा दगडोबा दुकानात येऊन म्हणतो, "अप्पा, सगळे दाखले नवे लागतेल, ही खटारा टिकंल का?" झालं! दसऱ्याला लातूर गाठलं, कंपनीची मशीन उचलली. दुकानदार म्हणतो, "सील तोडायचं नाही हं, बाहेरच्या माणसाला हात लावू द्यायचा नाही." मी येडा, तेच शिवमूर्तीला फोनवर सांगून बसलो! "बरं दाजी, मी बाहेरचा," एवढंच म्हणला आन् फोन ठेवला. जिल्हा काय झाला न्हाई, पण मेव्हणा भाऊबीजेला बी आला न्हाई!

शिवकांता भांडली असती तर परवडलं असतं. ती गप्प! टँकरच्या रांगेतून घागर घेऊन यायची आन् इचारायची, "चालू हाय का तुमची कंपनी?" चालूच हाय की! मी काय कमी केलं? खिडकी उघडी टाकली, धूळ आत घेतली, लाइट धा-धा वेळा गेली… बिघडंना!

शेवटी परवा मीच फोन लावला. "शिवमूर्ती, मशीन बंद पडली रे."

"कंपनीला बोलवा की, दाजी."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कंपनी येईल रे… पण ती शिवकांताला अक्का म्हणंल का?"

तिकडून फोन कट. आन् काल गडी दारात उभा, दोन कॅन घेऊन! शिवकांतानं कॅन उचलले न्हाईत, भावाचा हातच धरला आन् रडली हो… मला बी भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मग त्यानं बटण दाबलं. चालू! एका दमात! त्यानं माझ्याकडं बघितलं, मी घड्याळाकडं. तसा आतल्या खोलीकडं तोंड करून वरडला, "अक्का, लई मोठा बिघाड हाय, चार दिवस राहावं लागतंय!" आन् सील तोडून सगळी मशीन खोलून बसलाय… जोडणार कधी, त्यालाच ठावं.

आज सकाळी दगडोबा आला. "अप्पा, पोरीला कॉम्प्युटर घ्यायचाय. कंपनीचा घेऊ का असेंबल?"

मी म्हणलं, "ते मागून बघू, बाबा. आधी सांग, तुझा मेव्हणा काय धंदा करतो?"