सभागृहासाठी रिकामी केलेली शेड

ताई : हात लावू नका त्या लेथला! कुणी सांगितलं उचलायला?

मुकादम : अध्यक्षसाहेबांनी, बाई. सगळी यंत्रं भंगारात जायचीत.

धाकटा : ताई, मीच सांगितलंय. चारचौघांत आरडाओरडा करू नकोस.

ताई : आरडाओरडा अजून सुरूच केला नाही मी. ही शेड तुझ्या भाऊजींची. ते गेल्यावर मी उद्योजक संघाला दिली, ती पोरापोरींना इथे काम शिकवायला. भंगाराचं दुकान काढायला नाही.

धाकटा : शाळा चालवलीच की आम्ही. पण आता हा भाग वाढतोय. मोठमोठ्या कंपन्या येतायत, त्यांना बसवायला संघाकडे धड जागा नाही. इथे सभागृह होतंय. रस्ता संघाने आणला, वीज आणली, पाणी आणलं...

ताई : आणलंत, मान्य. पण त्या रस्त्याने येणाऱ्या कंपनीत आपली पोरं काय करणार? गेटवर सलाम ठोकणार?

धाकटा : तुला नाही कळायचं हे.

ताई : हो का? तुझ्या भाऊजींच्या मागे कारखाना तू चालवलास वाटतं! शेजारचा प्लॉट संघाचाच आहे, मोकळा पडलाय. तिथे बांधा ना सभागृह.

धाकटा : कार्यकारिणीचा निर्णय आहे.

ताई : निर्णय कुणाचा ते विचारलं नाही. कारण विचारलं.

धाकटा : ऐकायचंच आहे? मग ऐक. शिकून तयार झालेली पोरं आपल्याकडे टिकत नाहीत. मोठ्या कंपनीत पळतात, नाहीतर पगार वाढवून मागतात. सगळे सभासद माझ्या डोक्यावर बसलेत. वर्गणी आपण भरायची आणि कारागीर दुसऱ्याने न्यायचे? माझी स्वतःची दोन चांगली माणसं गेली, ताई!

ताई : म्हणजे पोरांना काम येऊच नये, म्हणून शाळा बंद. आणि वर विकासाच्या गप्पा! लाज कशी वाटत नाही रे? नापास होऊन घरी बसला होतास. बाबा तुझं तोंड बघत नव्हते. कुणी शिकवलं तुला?

धाकटा : ...भाऊजींनी.

ताई : आणि शिकून झाल्यावर?

धाकटा : स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

ताई : त्यांना सोडून. तेव्हा अडवलं त्यांनी तुला?

धाकटा : नाही. पहिलं काम त्यांनीच दिलं.

मुकादम : साहेब, क्रेन खोळंबलीय. माल भंगारवाल्याकडे न्यायचा ना?

ताई : माझ्या कारखान्यात न्यायचा. शेड ठेवा तुम्हाला, द्या त्यात भाषणं. यंत्रं मी नेतेय.

धाकटा : यंत्रं संघाची आहेत, ताई. मला फाडून खातील सगळे.

ताई : सांग, बहिणीने पळवली. घाल मला तुरुंगात.

मुकादम : साहेब, कुठे नेऊ?



धाकटा : ताई म्हणतायत तिकडे.

मुकादम : चला रे, दोर आवळा!

धाकटा : ताई... संघ सोडणार नाहीस ना तू?

ताई : छे! पुढच्या निवडणुकीत तुझ्यासमोर उभी राहणार आहे.

धाकटा : रागात बोलतेयस.

ताई : रागातच बोलतेय. आणि सकाळी पोरं नेहमीसारखी इथेच येतील. कुलूप बघून परत जातील बिचारी. तू स्वतः दारात उभा राहा, आणि एकेकाला माझ्याकडे पाठव.